रात्रपाळीची झोप घरानेही जपायची असते

रुग्णालयात रात्री दोन वाजता बेल दाबली की कोणीतरी धावत येतं. सलाइन संपत आलेलं असतं, आजोबांना बाथरूमला जायचं असतं, नाहीतर बाळाचा ताप पुन्हा चढलेला असतो. येणारी सिस्टर जागी असणार, तिचं लक्ष असणार, तिचा हात चुकणार नाही, हे आपण गृहीतच धरतो. ती किती तासांपासून जागी आहे, तिचं जेवण झालंय का, सकाळी घरी गेल्यावर तिला झोप मिळणार आहे का, हे प्रश्न मात्र आपल्या मनात सहसा येत नाहीत.

तुम्ही स्वतः नर्स, निवासी डॉक्टर, लॅब टेक्निशियन, वॉर्डातल्या मावशी किंवा मामा, अँब्युलन्सचे ड्रायव्हर असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. तुमच्या घरात असं काम करणारी सून, मुलगा, बहीण किंवा नवरा असेल, तर तो तुमच्यासाठी थोडा जास्तच आहे. कारण रात्रपाळीच्या थकव्याचं कारण रुग्णालयात असलं, तरी त्याचा निम्मा उपाय घरात आहे.

शरीराचं घड्याळ ड्युटीचा तक्ता बघत नाही

अनेक रुग्णालयांत सकाळची पाळी 8 ते 2, दुपारची 2 ते 8 आणि रात्रीची थेट 8 ते 8 अशी असते. म्हणजे रात्र सलग बारा तासांची. नवीन मुलींना वरिष्ठ सांगतात, ‘होईल सवय.’ सवय होते, पण ती मनाला. शरीराला ती पूर्णपणे कधीच होत नाही.

आपल्या मेंदूत, हायपोथॅलॅमस नावाच्या भागात, एक छोटं घड्याळ असतं. डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावरून ते दिवस आणि रात्र ओळखतं. अंधार पडला की मेलॅटोनिन हे झोपेचं संप्रेरक वाढतं. पहाटे चारच्या सुमारास शरीराचं तापमान सगळ्यात खाली येतं. पचन मंदावतं, इन्सुलिनचं काम ढिलं पडतं. हे घड्याळ पेशींच्या आत कसं चालतं, हे शोधून काढणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तीन शास्त्रज्ञांना 2017 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता विचार करा. पहाटे चार वाजता शरीर म्हणतं, ‘झोप.’ त्याच वेळी वॉर्डात ट्यूबलाइट लख्ख असते आणि सहा वाजताची इंजेक्शनं भरायची असतात. सकाळी साडेआठला बाहेर ऊन पडतं, शरीर म्हणतं, ‘ऊठ,’ आणि तेव्हा तुम्ही झोपायला निघालेल्या असता. आठवड्यानंतर पाळी बदलली की सगळं पुन्हा उलट. जुळवून घेता येत नाही, याचा अर्थ तुम्ही कमकुवत आहात असा होत नाही. तुमचं घड्याळ बरोबरच चालतं, ड्युटीची वेळ त्याच्या विरुद्ध असते.

वर्षानुवर्षं असं चाललं की परिणाम दिसू लागतात. अमेरिकेत 1976 पासून नर्सेसच्या आरोग्याचा एक मोठा अभ्यास सुरू आहे. ज्यांनी अनेक वर्षं फिरत्या रात्रपाळ्या केल्या, त्यांच्यात टाइप 2 मधुमेहाचा धोका वाढलेला आढळला. पाळी करायची वर्षं वाढली, तसा धोकाही वाढला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2007 मध्ये घड्याळ बिघडवणाऱ्या पाळ्यांना ‘बहुधा कर्करोगाला कारणीभूत’ या गटात टाकलं आणि 2019 मध्ये रात्रपाळीबद्दल तोच निष्कर्ष कायम ठेवला. याचा अर्थ रात्रपाळी करणाऱ्या प्रत्येकीला आजार होणार असा नाही. पण ‘झोपेचं काय एवढं, सुट्टीच्या दिवशी भरून काढू’ असं म्हणण्याइतकी ही गोष्ट साधी नाही.

पहाटेचा मेंदू आणि परतीचा रस्ता

समजा, आज तुमची पहिली रात्रपाळी आहे. सकाळी सातला उठलात, मुलांचे डबे केले, दुपारी आडवं व्हायला वेळच मिळाला नाही आणि रात्री आठला ड्युटीवर हजर झालात. रात्री बारा वाजता तुम्ही 17 तास जाग्या असता. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 1997 मध्ये दाखवलं, की 17 तास सलग जागं राहिलेल्या माणसाचं हात आणि नजरेचं काम 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅम अल्कोहोल असलेल्या माणसाइतकं ढासळतं. आपल्या देशात गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा 30 मिलिग्रॅम आहे. दारू पिऊन कोणी वॉर्डात आलं तर आपण त्याला दारातूनच परत पाठवू. पण तितकाच मंदावलेला मेंदू घेऊन कोणी औषधाचा डोस मोजत असेल, तर ते कोणाला दिसतही नाही. आणि सकाळी सातला चार्ज देताना तर पूर्ण 24 तास झालेले असतात.

अमेरिकेतल्या इंटर्न डॉक्टरांवरचा एक अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. सलग 24 तास किंवा त्याहून लांब ड्युटी असलेल्या जुन्या वेळापत्रकात त्यांच्या हातून होणाऱ्या गंभीर वैद्यकीय चुका 36 टक्क्यांनी जास्त होत्या. पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात आढळलं, की अशा लांब ड्युटीनंतर गाडीने घरी जाताना अपघात होण्याची शक्यता दुपटीहून अधिक असते.

म्हणून पहिल्या रात्रपाळीच्या दिवशी दुपारी दीड-दोन तास झोपणं हे ड्युटीच्या तयारीचाच भाग आहे. जागरणाचे तास त्याने तिथल्या तिथे कमी होतात. ड्युटीत आळीपाळीने वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी घेण्याची सोय असेल, तर ती लाजून सोडू नका. मात्र उठल्यावर काही वेळ डोकं जड राहतं, तेव्हा लगेच औषधं भरायला बसू नका. आणि सकाळी डोळे मिटत असतील तर स्कूटी तिथेच राहू द्या. बस, लोकल, रिक्षा किंवा घरचं कोणी घ्यायला आलं तर उत्तम.

डबा: काय आणि कधी

रात्रपाळीचं खाणं म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? कँटीन उघडं असेल तर समोसा किंवा वडापाव. बंद असेल तर बिस्किटांचा पुडा, गरम पाण्यातले नूडल्स. शिवाय कोणाच्या तरी घरी बाळ जन्मलेलं असतं, म्हणून नर्सिंग स्टेशनवर पेढ्यांचा बॉक्स उघडाच असतो. झोप कमी पडली की भूक वाढवणारं संप्रेरक वाढतं आणि जीभ गोड, तळलेलं मागते. ‘मला जिभेवर ताबाच नाही,’ असं म्हणून स्वतःला दोष देण्याआधी हे लक्षात घ्या.

काय खातो याइतकंच कधी खातो हेही महत्त्वाचं आहे. 2021 मध्ये एका छोट्या प्रयोगात 19 निरोगी माणसांना कृत्रिम रात्रपाळी करायला लावली. काहींना रात्रीही जेवण दिलं, काहींना फक्त दिवसा. रात्री जेवणाऱ्यांची सरासरी रक्तशर्करा 6.4 टक्क्यांनी वाढली. दिवसाच जेवणाऱ्यांमध्ये तशी वाढ दिसली नाही. खाणं तेच होतं, फक्त वेळ वेगळी होती.

पण प्रयोगशाळेत रुग्णाला उचलून कुशीवर वळवायचं नसतं. बारा तास उभं राहणाऱ्या माणसाने रात्रभर उपाशी राहावं, हे व्यवहारात बसणारं नाही. म्हणून मधला रस्ता धरा.

रात्रीचं मुख्य जेवण निघण्यापूर्वी, सात-साडेसातला घरीच करा. भाकरी किंवा पोळी, वाटीभर घट्ट वरण किंवा मटकी-मुगाची उसळ, भाजी, दही. ‘तिथे गेल्यावर खाईन’ म्हणून नेलेला डबा पहिल्या इमर्जन्सीत गार होतो आणि मग दोन वाजता भुकेपोटी भरभरून खाल्ला जातो.

बारा-साडेबाराच्या सुमारास थोडंसं खा. छोटा डबा पुरतो. मुगाचं धिरडं, दहीभात, भाज्या घातलेला उपमा, उकडलेलं अंडं, चालत असेल ते. एकच पथ्य पाळा. त्यात डाळ, दही, अंडं, पनीर यांपैकी काहीतरी असू द्या, नुसता भात किंवा नुसते पोहे नकोत.

एक ते पहाटे पाच या वेळात जड खाणं टाळा. अगदीच पोटात खड्डा पडला तर मूठभर फुटाणे, शेंगदाणे, एखादं फळ किंवा ताक घ्या. एप्रनच्या खिशात फुटाण्यांची पुडी असेल तर पेढ्यांच्या बॉक्सकडे हात कमी वेळा जातो. आणि पाणी प्या. ‘वारंवार जावं लागतं आणि वॉर्ड सोडता येत नाही’ म्हणून पाणीच न पिणाऱ्या कितीतरी जणी असतात. त्यातून लघवीचा जंतुसंसर्ग होतो, डोकं दुखतं आणि थकवा वाढतो.

सकाळी घरी आल्यावर हलका नाश्ता करून झोपा. पूर्ण उपाशी झोपलात तर दोन तासांत भुकेने जाग येते. भरपेट तळलेलं खाऊन झोपलात तर आम्लपित्त उठवतं.

मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड किंवा फिट्सची औषधं चालू असतील, तर रात्रपाळीच्या आठवड्यात ती कोणत्या वेळी घ्यायची हे तुमच्या डॉक्टरांना नक्की विचारा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय जेवणाची वेळ हलवूच नये.

चहाचा हिशोब

रात्रपाळी आणि चहा यांची ताटातूट कोणी करू नये. फक्त हिशोब ठेवा. कॅफिन शरीरातून निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. पहाटे पाचला घेतलेल्या कपातलं निम्मं कॅफिन सकाळी दहाला, म्हणजे तुम्ही झोपायला धडपडत असता तेव्हा, अंगात असतं. म्हणून चहा-कॉफी रात्रीच्या पहिल्या अर्ध्या भागात घ्या आणि दोन-अडीचनंतर थांबा.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2024 च्या आहार मार्गदर्शिकेत दिवसाला 300 मिलिग्रॅम कॅफिनची मर्यादा सांगितली आहे. 150 मिलिलिटरच्या कपभर चहात 30 ते 65 मिलिग्रॅम, तर तेवढ्याच ताज्या उकळलेल्या कॉफीत 80 ते 120 मिलिग्रॅम कॅफिन असतं. जेवणाआधी आणि नंतर एक तास चहा-कॉफी टाळा, असंही त्यात म्हटलंय, कारण चहाने अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आहे. तुमचा थकवा नुसत्या जागरणाचा आहे की हिमोग्लोबिनही खाली गेलंय, हे एका साध्या तपासणीत कळतं. रोज दुसऱ्यांचे नमुने लॅबला पाठवता, वर्षातून एकदा स्वतःचाही पाठवा. रात्रपाळीत उन्हाशी गाठ कमी पडते, तेव्हा व्हिटॅमिन डीबद्दलही डॉक्टरांना विचारा.

जागं राहण्यासाठी तंबाखू, मशेरी, गुटखा आणि झोप यावी म्हणून आपल्याच मनाने घेतलेली गोळी, या दोन्ही वाटा धोक्याच्या आहेत. औषधांचं कपाट हाताशी असतं, म्हणून हा मोह इथे जास्त होतो. झोपेची गोळी डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय नकोच.

‘ती तर दिवसभर घरीच असते’

आता घरच्या माणसांशी बोलूया.

रात्रपाळी करणारी सून सकाळी नऊला घरी येते. आल्याबरोबर गॅसपाशी उभी राहते, कारण ‘आता आलीच आहेस तर तेवढी भाजी टाक.’ अकराला आडवी होते. साडेअकराला कुरिअरवाला. बाराला शेजारच्या काकू, ‘झोपली होतीस का? काही नाही, सहज आले.’ एकला मुलगा शाळेतून येतो. दुपारी थोडं पडावं तर सिलिंडरवाला. संध्याकाळी पाचला पुन्हा कुकर. सगळी मिळून झोप तीन तास, तीही तुकड्यांत. आणि वर वाक्य असतं, ‘तिला काय, ती तर दिवसभर घरीच असते.’

तिच्या जागी मुलगा किंवा जावई रात्रपाळी करून आला, की घरात आपोआप आवाज खाली येतात. ‘तो दमून आलाय, झोपू दे.’ रात्र दोघांचीही बारा तासांचीच होती.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1859 मध्ये परिचर्येवर लिहिलेल्या पुस्तकात ‘आवाज’ या विषयावर एक अख्खं प्रकरण आहे. रुग्णाची झोप मोडणं ही त्यांच्या लेखी परिचर्येतली मोठी चूक होती. दुसऱ्यांची झोप सांभाळायला शिकलेल्या माणसाची झोप घरात कोणीतरी सांभाळली पाहिजे. त्याला फार काही लागत नाही.

झोपेची वेळ ठरवा आणि ती सगळ्यांना माहीत असू द्या. उदाहरणार्थ, साडेनऊ ते दीड पक्की झोप आणि ड्युटीला निघण्यापूर्वी संध्याकाळी पुन्हा दीड तास. सलग सात तास मिळत नसतील तर असे दोन भाग चालतात, पण पहिला भाग रोज त्याच वेळी आणि सलग हवा.

स्वयंपाकाआधी झोप, हा नियम करा. त्या आठवड्यात सकाळची भाजी दुसऱ्या कोणीतरी करावी, नाहीतर साधी खिचडी-ताक होऊ द्या.

खोलीत अंधार करा. महागडे पडदे नसले तर जाड चादर टांगली तरी चालते. पंख्याचा एकसारखा आवाज बाहेरचा गोंगाट झाकतो. बेल बंद ठेवा, सोसायटीच्या वॉचमनला सांगून ठेवा, फोन घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्या. लहान मुलांना सांगा, ‘आई रात्रभर आजारी माणसांजवळ होती, आता तिची रात्र सुरू झालीय.’ मुलांना हे चटकन कळतं.

पुणे असो, इंदूर, बडोदा, हैदराबाद किंवा दिल्ली, नोकरीसाठी एकट्या राहणाऱ्या नर्सेस बहुतेकदा हॉस्टेलमध्ये किंवा खोली वाटून राहतात. तिथे वेगवेगळ्या पाळ्यांच्या मुली एकाच खोलीत असतील, तर एकाच पाळीच्या मुलींनी एका खोलीत राहण्याची विनंती वॉर्डनला करा. पैसा न लागता झोप वाढवणारा हा उपाय आहे.

थकवा की बर्नआउट?

थकवा झोपेने जातो. दोन रात्री नीट झोप मिळाली, सुट्टी मिळाली, की माणूस पुन्हा हसतं-बोलतं होतं. बर्नआउट तसा जात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला न गेल्याने उद्भवणारी अवस्था, असं त्याचं वर्णन आहे. त्याच्या तीन खुणा आहेत. पहिली, अंगातली शक्ती संपल्यासारखं वाटणं. दुसरी, कामाबद्दल मन तुटणं, कडवटपणा येणं. तिसरी, ‘माझ्या हातून काही धड होत नाही’ ही भावना.

वॉर्डात यातली दुसरी खूण ओळखू येते ती बोलण्यातून. ‘सात नंबरच्या आजी’ हळूहळू नुसत्या ‘सात नंबर’ होतात. नातेवाइकाने दुसऱ्यांदा विचारलं की डोकं फिरतं. रुग्ण दगावला तरी काहीच वाटत नाही आणि काहीच वाटत नाही याची घरी आल्यावर भीती वाटते. तुमचं असं होत असेल, तर तुम्ही वाईट नर्स किंवा निर्दयी डॉक्टर झालेला नाहीत. देण्यासारखं आत काही उरलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि ही अवस्था कामातून आलेली असते, म्हणून नुसतं ‘योगा कर, सकारात्मक राहा’ असं सांगून ती जात नाही. कामातही बदल लागतो.

पहिलं पाऊल म्हणजे कोणाजवळ तरी बोलणं. सोबतची सिस्टर, वॉर्डच्या इनचार्ज, घरातलं एक विश्वासाचं माणूस. दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास वाटत असेल, सुट्टीतही झोप येत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर थांबू नका. केंद्र सरकारची टेली मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलता येतं. आपल्याच रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जायला संकोच वाटणाऱ्यांसाठी तर ती खूप सोयीची आहे.

रुग्णालयाने करायचं ते रुग्णालयानेच

घर आणि डबा कितीही सांभाळला, तरी एका सिस्टरकडे झेपणार नाहीत इतके रुग्ण असतील तर थकवा येणारच. निवासी डॉक्टरांची सलग ड्युटी सर्वसाधारणपणे 12 तासांहून जास्त नसावी, असे निर्देश 1992 पासून आहेत. 2024 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने आठवड्याला 74 तासांची कमाल मर्यादा आणि एक साप्ताहिक सुट्टी सुचवली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने 36 तासांच्या ड्युट्या आणि रात्रपाळीतल्या कर्मचाऱ्यांना विश्रांतीची पुरेशी जागा नसणं, या गोष्टींची नोंद घेतली. म्हणजे नियम आणि शिफारशी कागदावर आहेत, त्या वॉर्डापर्यंत यायच्या आहेत.

तुम्ही मेट्रन, इनचार्ज किंवा व्यवस्थापनात असाल, तर काही गोष्टी मोठ्या खर्चाशिवाय होतात. पाळ्या सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने पुढे सरकू द्या, कारण उशिरा झोपणं शरीराला लवकर उठण्यापेक्षा सोपं जातं. महिन्याचा ड्युटीचा तक्ता आधी लावा, म्हणजे घरी नियोजन करता येतं. रात्रपाळी संपल्याचा दिवस सुट्टीत मोजू नका, तो झोपेत जातो. कडी लागेल अशी विश्रांतीची खोली, स्वच्छ बाथरूम आणि रात्री काहीतरी साधं, गरम खायला मिळेल एवढं पाहा.

आणि तुम्ही रुग्णाचे नातेवाईक असाल, तर पुढच्या वेळी डिस्चार्जच्या दिवशी पेढ्यांऐवजी फळांची करंडी नेऊन बघा. रात्री बेल दाबण्याआधी दोन-तीन गोष्टी एकत्र आठवून एकदाच सांगा. सिस्टरला पावलं कमी पडतात.

तुमच्या घरातल्या कोणाची या आठवड्यात रात्रपाळी असेल, तर आजच संध्याकाळी तिच्याशी किंवा त्याच्याशी बोलून झोपेची वेळ ठरवा. ती कागदावर लिहून फ्रिजवर लावा. आणि उद्या सकाळी कोणी बेल वाजवायच्या आत तुम्हीच दार उघडा.